तालमीतला आवाज

माझ्या थोरल्या नणंदेबद्दल लोक दोन गोष्टी बोलतात. एक म्हणजे, ऑपेरात गाणारी चांगली बाई नाचगाण्याच्या बँडमध्ये जाऊन वाया गेली. दुसरी म्हणजे, आवाज बसला म्हणून तिला ऑपेरातून काढलं. दोन्ही साफ खोटं आहे. मी त्यांची भावजय. शिवाय ऑपेरा हाऊसच्या कपडेपटात शिवणकाम करते, म्हणजे घरीही त्या माझ्या वाट्याला आणि कामावरही. खरं काय झालं ते मला नाही तर कुणाला ठाऊक असणार?

मी त्यांना वन्सं म्हणते. उंचीने बेताच्या, छातीने भरदार, आणि गळ्याला बारा महिने स्कार्फ. उन्हाळ्यात आम्ही घामाने निथळत असायचो आणि या म्हणायच्या, खिडकी लावा, वारं लागतंय. लग्न केलं नाही, आमच्याकडे मागच्या खोलीत एका जुन्या पियानोबरोबर राहतात. प्रयोगाच्या दिवशी आवाज राखायचा म्हणून सकाळपासून तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. मीठ हवं असलं की चिमूट दाखवायची, पाणी हवं असलं की अंगठा. त्यांच्या भावाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदा न समजल्याचं सोंग घेऊन मिठाऐवजी साबणाची वडी आणून दिली. वन्संनी मौन मोडलं नाही. वडी उचलली आणि त्याच्या चहात सोडली.

हे सगळं पथ्यपाणी कशासाठी, तर कोरससाठी. ऑपेरात पुढे उभं राहून एकट्याने गातात ते वेगळे, त्यांचे फोटो बाहेर भिंतीवर लागतात. मागे घोळक्याने उभा असतो तो कोरस. वन्सं त्यात खालच्या सुरांच्या बायकांच्या रांगेत, डावीकडून दुसऱ्या. वीसेक वर्षांत त्या शेतकरीण झाल्या, कैदी झाल्या, दरबारातल्या मानकरीण झाल्या आणि एका ऑपेरात तर नुसतं प्रेत झाल्या, तेही गाणारं. सगळ्यांचे झगे माझ्या हातचे. आमच्याकडे कोरसचे झगे एकाच मापावर शिवायचे असा नियम आहे, पण या बाईने श्वास भरला की बरगड्या अशा फुलायच्या की हुक उडून शेजारणीच्या डोळ्यात जायचा. मग मी माझ्या स्वतःच्या डब्यातलं रुंद इलॅस्टिक घेऊन त्यांच्या प्रत्येक झग्यात दोन्ही बाजूंना आतून पट्टी लावायची. वरून कुणाला दिसायची नाही.

कोरसमधलं सगळं कसबच न दिसण्याचं आहे. आपला आवाज शेजारणीच्या आवाजात विरघळला पाहिजे. लांबलचक ओळ आली की सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. शेजारीण गात असताना आपण शब्दाच्या मध्येच गुपचूप घ्यायचा, मग आपण गाताना तिने. याला श्वास चोरणं म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, केवढा यांचा दम. कोरसचे मास्तर, म्हणजे एक वाळकुडे, ताठ कण्याचे, तिखट कानाचे गृहस्थ, तालमीत रांगेपुढून चालत जायचे आणि एखादीसमोर थांबून हळूच म्हणायचे, "तू मला ऐकू येते आहेस." त्या इमारतीत याहून मोठी शिवी नव्हती. बायका रडत कपडेपटात यायच्या. वन्संना ती शिवी एकदाही मिळाली नाही, आणि याचा त्यांना केवढा अभिमान. मला मात्र राग यायचा. एवढा गळा घासायचा, मीठपाण्याच्या गुळण्या करायच्या, लग्नकार्यात तोंड मिटून बसायचं, आणि बक्षीस काय तर आपण कुणाला ऐकू आलो नाही.

आणखी एक रिवाज सांगायला हवा, कारण सगळं घडलं ते त्याच्यामुळे. तालमीत पूर्ण आवाज लावत नाहीत. दिवसभर तालीम, संध्याकाळी प्रयोग, गळा पुरायचा कसा? म्हणून तालमीत अर्ध्या आवाजात, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणायचं. उंच सूर आला की खालूनच म्हणून मोकळं व्हायचं. सूर आणि शब्द जागेवर आहेत एवढं मास्तरांना कळलं की झालं. याला कुणी गाणं म्हणत नाही, खूण करणं म्हणतात. मी कापडावर खडूने रेघ ओढते तसंच ते. खडूच्या रेघेला झगा कोण म्हणेल?

माझ्या नवऱ्याचा छोटा बँड आहे. तो अकॉर्डियन वाजवतो, गाणीही रचतो. एका हॉटेलच्या तळमजल्यावर शनिवारी नाच असतो, तिथे त्यांचं ठरलेलं काम. एके दिवशी त्यांची गाणारी मुलगी लग्न करून दुसऱ्या गावी गेली आणि शनिवार तोंडावर आला. नवऱ्याने बहिणीला विचारलं. वन्सं म्हणाल्या, असल्या जागी मी पाऊल ठेवणार नाही. त्याने विनवण्या केल्या नाहीत, लबाड आहे तो. नुसतं म्हणाला, राहू दे ताई, तुला जमायचंही नाही. झालं. शनिवारी दुपारी वन्सं स्कार्फ गुंडाळून हॉलच्या दारात हजर.

टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवलेल्या होत्या, एक बाई फरशी पुसत होती, साउंडवाला गुडघ्यांवर बसून वायरी जोडत होता. मी स्टेजच्या कडेला वन्संच्या ड्रेसची दुमड टाचत होते. नवऱ्याने स्वतःचंच एक नवीन गाणं पुढे ठेवलं. 'खिडकी उघडी ठेव, मी हाक मारणार नाही' असं त्याचं तोंड होतं. दुपारची वेळ, म्हणजे वन्संच्या हिशेबी तालीम. तेव्हा त्यांनी रिवाजाप्रमाणे खूण केली. मायकसमोर उभ्या राहिल्या आणि अर्ध्या आवाजात, थोडं कंटाळल्यासारखं, ते गाणं सांगून टाकलं.

फरशी पुसणारी बाई थांबली आणि बादलीच्या काठावर बसली. ड्रमवाल्याने काड्या मांडीवर ठेवल्या. इतकी वर्षं मी वन्संचा मोठा आवाज भिंतीपलीकडून ऐकत आले होते, कपबशा थरथरवणारा. हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. किंचित खरखरीत, दमलेला, मनातल्या मनात हसणारा, आणि अगदी कानाशी. घर सोडून गेलेली बाई खिडकीखाली येऊन उभी आहे, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून, नाहीतर मी तिथेच रडले असते.

संध्याकाळी प्रयोग. आता वन्संच्या हिशेबी गायची वेळ आली. त्यांनी पाय रोवले, श्वास भरला आणि शेवटच्या रांगेसाठी आवाज सोडला. मायक किंचाळला. लोकांनी कानांवर हात ठेवले, वेटरच्या हातातला ट्रे कलंडला आणि मागचा एक स्पीकर फट् आवाज करून कायमचा गेला. वन्संना वाटलं, यंत्र बिघडलंय. त्यांनी मायक बाजूला सारला आणि तसंच पुढे गायल्या. हॉल तरीही भरला. फक्त शब्द एकही कळेना, कारण एवढा मोठा आवाज लावला की सगळे शब्द फुगून एकसारखे होतात. टाळ्या पडल्या, पण कुणी दातांनी गाडी ओढून दाखवली की पडतात तशा.

मधल्या सुट्टीत नवरा घाम पुसत आला.

"ताई, दुपारी गायलीस तसं गा."

"दुपारी मी गायलेच नाही. दुपारी मी खूण केली."

"मग खूण कर."

वन्संचे कान लाल झाले. लोक गाणं ऐकायला आलेत, त्यांच्यापुढे अर्धकच्चं ठेवायचं म्हणजे फसवणूक आहे, असं त्या तणतणल्या. आणि मग निव्वळ भावाची खोड मोडायची म्हणून, बघच आता किती वाईट होतं ते, अशा त्वेषाने स्टेजवर गेल्या आणि ते गाणं पुन्हा, तालमीसारखं म्हटलं. नाचणारी जोडपी नाचायची थांबली. मग एकेक करून स्टेजच्या जवळ येत गेली. गाणं संपल्यावर लगेच टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, मग टाळ्या.

दुसऱ्या दिवशी वन्संचा प्रयोग नव्हता, तरी त्या सकाळभर गप्प. शेवटी मी चहा पुढे ठेवला तेव्हा म्हणाल्या, "अगं, ते मला ऐकत होते. मी त्यांना ऐकू येत होते." चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

पण पुढच्या शनिवारी त्या गेल्या. त्याच्या पुढच्याही. मी बँडसाठी त्यांना गडद निळा ड्रेस शिवला, बाह्या कोपरापर्यंत. विचारलं, इतकं हळू गायचंय तर बरगड्यांना इलॅस्टिक कशाला? त्यांनी मला वेड्यात काढलं. म्हणाल्या, हळू गायला जास्त श्वास लागतो, मोठ्याने काय, कुणीही ओरडेल. इलॅस्टिक लावलं. नवऱ्याने ते गाणं एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं, ते रेडिओवर लागलं, आणि बघता बघता आमच्या गल्लीत केस कापणारा, दूध टाकणारा, जो तो खिडकी उघडी ठेवायला लागला. वन्सं शेजारून गेल्या तरी त्यांना पत्ता नसायचा की ही तीच. मला इतकं हसू यायचं.

ऑपेरा हाऊसच्या कँटीनमधली चहावाली बाईही कप विसळताना तेच गुणगुणायची. एकदा मास्तरांनी विचारलं, कुणाचं हे? ती म्हणाली, तुमचीच आहे की, डावीकडून दुसरी.

मग जे सुरू झालं ते सांगताना आजही माझं डोकं तापतं. रांगेतल्या बायका वन्संपासून वीतभर लांब उभ्या राहायला लागल्या, जणू मायकची साथ लागते. एक म्हणाली, दारू पिणाऱ्यांसमोर गाण्यापेक्षा मी घरी बसेन. दुसरी म्हणाली, या वयात हे सुचतं तरी कसं. त्या दोघींच्या कमरा त्या आठवड्यात माझ्या हातून जरा घट्ट शिवल्या गेल्या. होतं असं कधीकधी.

मास्तरांनी वन्संना बोलावून घेतलं. ते ओरडले नाहीत, त्यांचा तो स्वभावच नाही. ज्या आवाजाला विजेची गरज लागते त्याला मी आवाज म्हणत नाही, म्हणाले. कुबड्या घेऊन चालायची सवय लागली की पाय जातात. तेव्हा तुझा गळा तपासायचा. सोमवारी सकाळी रिकाम्या नाट्यगृहात तू स्टेजवर उभं राहायचं, मी आणि व्यवस्थापक सगळ्यात वरच्या सज्ज्यात, शेवटच्या रांगेत बसू. सध्याच्या ऑपेरातलं राणीचं शेवटचं, एकटीचं गाणं म्हणायचं. तिथपर्यंत पोचलं नाही तर तुझी जागा गेली. पोचलं तर जागा राहील, पण बँड सोडल्याचा शब्द तिथल्या तिथे द्यायचा.

म्हणजे दोन्हीकडून हात बांधलेले. घरी यावर बराच खल झाला. नवऱ्याला अपराधी वाटत होतं. तो म्हणाला, ताई, बँड गेला खड्ड्यात, तुझी नोकरी सांभाळ. त्याचं चूक नव्हतं. पंधराव्या वर्षापासून वन्संनी त्या ऑपेरा हाऊसचा ध्यास घेतलेला. त्या लाकडी स्टेजचा, धुळीच्या पडद्याचा, रंगाचा वास त्यांच्या अंगात मुरला होता. तो सोडायचा म्हणजे काय, हे मला सांगायला नको. पण मी म्हटलं, माझ्या डब्यात जाड कापडाची सुई वेगळी आणि रेशमाची वेगळी. एक वापरली म्हणून दुसरी गंजत नाही. वन्सं दोघांचंही ऐकून घेत होत्या.

"गळा माझा आहे," त्या म्हणाल्या. "तो कुठे आणि किती उघडायचा हे दुसरं कुणी ठरवणार नाही."

एवढं बोलून मागच्या खोलीत गेल्या आणि राणीचं गाणं असं घोटायला लागल्या की वरच्या मजल्यावरचे लोक खाली आले.

सोमवारी मी त्यांच्यासाठी काळा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता. त्यांनी तो बाजूला केला आणि निळा मागितला. बँडचा. मी हुक लावून दिले. स्कार्फ त्यांनी माझ्या हातात दिला. उघड्या गळ्याने त्यांना घराबाहेर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

रिकामं नाट्यगृह सकाळी फार मोठं दिसतं. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी, वर अंधारात दोन डोकी, स्टेजवर पियानो आणि पियानो वाजवणारी बाई. मी विंगेत उभी होते. वन्सं राणीचं गाणं गायल्या. काय सांगू? इतकी वर्षं ज्या आवाजाला शेजारणीच्या आवाजात लपायला लावलं होतं, तो एकटा बाहेर पडला आणि छतापर्यंत गेला. पियानोवरची भांडंभर फुलं हलली. माझ्या पायाखालची फळी थरथरत होती. शेवटचा सूर थांबल्यावरही तो कुठेतरी वर फिरत राहिला. आवाज बसला म्हणून काढलं असं ज्यांना म्हणायचंय, त्यांनी माझ्यासमोर येऊन म्हणावं.

वरून मास्तरांचा आवाज आला. उत्तम, म्हणाले. आवाज जागेवर आहे. आता शब्द दे.

वन्सं म्हणाल्या, आधी आणखी एक. पियानोवाली बाई पानं शोधायला लागली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. मग चालत स्टेजच्या पुढच्या कडेला आल्या आणि चक्क खाली बसल्या, पाय सोडून, ओट्यावर बसावं तशा. आणि तो तालमीतला आवाज लावला. मायक नाही, अकॉर्डियन नाही. 'खिडकी उघडी ठेव, मी हाक मारणार नाही.'

विंगेत मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. वर काही पोचणं शक्यच नव्हतं.

"ऐकू येत नाही," मास्तर वरून ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

वन्सं ओळ संपवून थांबल्या. मान वर केली.

"वीस वर्षं तुम्हाला हेच हवं होतं, मास्तर. ऐकायचं असेल तर जवळ या."

आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज तसूभरही वाढवला नाही. माझ्या हातातल्या स्कार्फचा मी पिळा करून टाकला होता. वर खुर्ची आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेले, संपलं सगळं. मग जिन्यावर बूट वाजायला लागले. वरच्या सज्ज्याचा जिना लांब आहे आणि मास्तरांचे गुडघे काही आता तरुण नाहीत. व्यवस्थापक वरच बसून राहिला. खालचं दार उघडलं, मास्तर आत आले, चादरी घातलेल्या खुर्च्यांमधून पुढे पुढे येत वाद्यवृंदाच्या कठड्यापाशी थांबले. वन्संच्या पायांपासून हातभर अंतरावर. त्यांनी डोकं एका बाजूला झुकवलं, तालमीत रांगेपुढे थांबायचे तेव्हा झुकवायचे तसंच.

वन्सं त्यांच्याकडे बघतच गायल्या. नजर चुकवली नाही. गाणं संपलं. पियानोवाली बाई खाली मान घालून बसली होती. मास्तरांनी कठड्यावरचा हात काढला, पुन्हा ठेवला. बँडबद्दल, शब्दाबद्दल ते काही बोलतील असं मला वाटलं.

"तिसऱ्या ओळीत श्वास चोरलास," ते म्हणाले.

"कोरसची सवय आहे," वन्सं म्हणाल्या. "सुटेल आता."

त्यांनी स्टेजवरून खाली उडी मारली नाही, गुडघे त्यांचेही दुखतात. हात टेकून सावकाश उठल्या, मास्तरांना वाकून नमस्कार केला आणि विंगेत आल्या. माझ्याकडून स्कार्फ घेतला, गळ्याला न गुंडाळता पर्समध्ये कोंबला आणि म्हणाल्या, चल, मला भूक लागलीय. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण ते अभिमानाचं होतं असं म्हणू द्या मला.

मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मला दोन मिनिटांचं काम आहे. कपडेपटात गेले, खुंटीवरून त्यांचे सगळे झगे उतरवले, शेतकरणीचा, कैद्याचा, दरबारातला, प्रेताचासुद्धा. एकेक उलटा करून बरगड्यांवरची शिवण उसवली आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढून घेतल्या. झगे ऑपेरा हाऊसचे होते. इलॅस्टिक आमचं होतं.